कुंडीतला चुना : सोलापूरचं पाणी आणि घरची बाग

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



स्मृती व्याख्यानमालेत विषय भारदस्त असावा, असा आपल्याकडे एक शिरस्ता आहे. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, कुंडीतल्या झाडाला घालायचं पाणी. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. पण मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि निवृत्तीनंतर मला लोक जे प्रश्न विचारतात ते जवळजवळ सगळे गच्चीवरचे असतात. कढीपत्ता पिवळा का पडतो? मोगरा नर्सरीत भरघोस होता, घरी आणल्यावर खुरटला का? अनंताचं रोप एक उन्हाळाही का काढत नाही? विचारणारा शेवटी हमखास म्हणतो, ‘‘सर, पाण्याचा पीएच तपासू का?’’

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की सोलापुरात पीएच, म्हणजे सामू, हा दुय्यम प्रश्न आहे. तो सामू वर धरून ठेवणारं पाण्यात काय आहे आणि रोजच्या पाण्याबरोबर ते कुंडीत किती साठतं, हा पहिला प्रश्न आहे.

सामूची मोजपट्टी १९०९ साली सोरेन सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने मांडली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते काम करत. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. ही पट्टी दसपटीची आहे. ७ चा ८ झाला, तर हायड्रोजनच्या आयनांचं प्रमाण दहा पटींनी घटतं. बहुतेक बागेतल्या झाडांना मुळाशी ६ ते ७ च्या दरम्यानचा सामू मानवतो. आपली काळी जमीन साधारण ८ च्या आसपास किंवा वर असते. इथपर्यंतची माहिती बहुतेकांना असते.

आता टेबलावरचे हे दोन ग्लास पाहा. एकात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आहे आणि त्यात खायच्या सोड्याचा एखादा कण टाकला आहे. दुसऱ्यात जुळे सोलापुरातल्या एका बोअरचं पाणी आहे. दोन्हींत जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क घातला आहे. हा अर्क आम्लात गडद गुलाबी होतो आणि अल्कात हिरवट. दोन्ही ग्लास आत्ता सारखेच हिरवट दिसतात. सामू मोजलात तर दोन्हींचा आकडा ८ च्या पुढेमागेच येईल. आता ड्रॉपरने लिंबाचा रस घालतो. पहिल्या ग्लासात चार-पाच थेंब पडले आणि रंग फिरला. दुसऱ्यात दहा थेंब झाले, वीस झाले, अजून हालचाल नाही. मागे बसलेल्यांना दिसत नसेल, म्हणून सांगतो, तिसाव्या थेंबानंतर आत्ता कुठे गुलाबी झाक येऊ लागली आहे.

दोन्हींचा सामू सारखा होता, मग हा फरक कुठला? तो बायकार्बोनेटच्या प्रमाणाचा आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. ते आम्ल गिळतं आणि सामू हलू देत नाही. पाणी तपासणीच्या अहवालात ‘टोटल अल्कलिनिटी’ असा एक रकाना असतो. त्यात ही गिळण्याची ताकद लिहिलेली असते. आपण अहवाल हातात घेतो, पीएच बघतो, टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, बघतो आणि तो रकाना ओलांडून पुढे जातो.

नुसत्या सामूवर विसंबू नये याचं आणखी एक कारण आहे. बोअर चालू करून लगेच मोजलं तर आकडा सव्वासातच्या आसपास येऊ शकतो. तेच पाणी बादलीत रात्रभर ठेवून सकाळी मोजलं तर तो आठच्या वर जातो. पाण्यात कोणी काही घातलेलं नसतं. जमिनीखाली दाबात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, त्यामुळे सामू चढतो. मग ‘माझा मीटर बिघडला’ म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. मीटर अधूनमधून बफर द्रावणात बुडवून जुळवून घ्यावा लागतो, हे खरं. पण या प्रकरणात बिचाऱ्या मीटरचा दोष नसतो.

हे बायकार्बोनेट येतं कुठून? सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना खडक एकच, काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल बनतं आणि खडक हळूहळू खातं. खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात उतरतं. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो हे सगळं धुऊन समुद्रात नेतो. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजे तांबडा जांभा, आणि जमीन आम्लधर्मी होते. सोलापुरात वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्यात खडक झिजतो, पण झिजलेलं वाहून जात नाही. ते जमिनीतच थबकतं आणि चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांच्या रूपात बसतं. पाया खणताना काळ्या मातीखाली लागणारा तो पांढुरका थर म्हणजे हजारो वर्षांचा न वाहिलेला चुना. आपल्या बोअरचं पाणी त्यातून आणि खालच्या खडकाच्या फटींतून येतं.

म्हणून रत्नागिरीच्या मावशींचा सल्ला सोलापूरच्या भाचीला चालत नाही. तिकडे परसात राख टाकली, चुना टाकला, तर झाडं तरारतात, कारण जमिनीत आम्ल आहे आणि चुना कमी. इथे तेच केलं तर आधीच भरलेल्या पोत्यात आणखी एक शेर ओतल्यासारखं होतं. अंड्याच्या टरफलांचा चुरा कुंडीत घालायची जी टूम सध्या आहे, तीही पावसाळी, आम्ल जमिनीच्या देशांतून आली आहे. टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. सोलापूरच्या कुंडीत त्याचं काही काम नाही. लाकडाची राखही नको.

शहराचं पाणी कसं येतं तेही पाहू. उजनी धरणातून जलवाहिनीने पाकणीला, भीमा नदीतून टाकळीमार्गे सोरेगावला आणि एकरुखच्या, म्हणजे हिप्परग्याच्या तलावातून भवानी पेठेच्या शुद्धीकरण केंद्राला. एकरुख तलाव १८७१ चा. त्याआधी कितीतरी शतकं सिद्धरामेश्वरांनी खोदवलेल्या तलावाने या गावाला पाण्याचं मोल शिकवलं. नदीचं आणि तलावाचं पाणी साधारणपणे बोअरपेक्षा कमी क्षाराचं, म्हणून झाडांना अधिक मानवणारं. पण उजनीत पुण्या-पिंपरीकडचं सांडपाणी उतरतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं आणि उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारी सामू चढवतं. हाच प्रकार तुमच्या अंगणातल्या उघड्या बॅरलमध्येही होतो. नळ रोज येत नाही, म्हणून सोलापुरात घरोघरी साठवण आहे. झाडांसाठीचं बॅरल काळं असावं आणि त्याला झाकण असावं, एवढं केलं तरी निम्मा त्रास वाचतो. नव्या सिमेंटच्या हौदातलं पाणी सुरुवातीचे काही आठवडे झाडांना देऊ नये, कारण ताजं सिमेंट चुना सोडतं. सिमेंटच्या नव्या कुंड्याही आठवडाभर पाणी बदलत भिजवून मग वापराव्यात.

आता थोडं गणित करू. समजा, तुमच्या पाण्याचा टीडीएस लिटरला १००० मिलिग्रॅम आहे आणि अल्कलिनिटी, चुन्याच्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. इथल्या बोअरच्या बाबतीत हे आकडे नवलाचे नाहीत. कुंडीला तुम्ही रोज १ लिटर पाणी घालता आणि खालून एक थेंबही गळू देत नाही, कारण फरशीवर डाग पडतात. म्हणजे रोज १ ग्रॅम क्षार कुंडीत गेले. वर्षाला ३६५ ग्रॅम. त्यात चुन्याच्या हिशेबाने १०० ग्रॅमहून जास्त. पाणी पानांवाटे आणि मातीवरून उडून जातं, आणलेलं ओझं मात्र तिथेच ठेवून जातं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो, तेव्हा गच्चीवरची कुंडी ही गुऱ्हाळातल्या काहिलीसारखीच आटवणुकीचं काम करते. कुंडीच्या काठावर आणि बाहेरच्या अंगाला जी पांढरी खर येते, ती याच हिशेबाची शिल्लक. तिच्यावर लिंबाचे दोन थेंब टाका, फसफसली तर चुना. हीच परीक्षा मातीचीही करता येते.

शेतीत हे आधी घडलं आहे. नीरा कालव्याचं पाणी काळ्या जमिनीत बारमाही खेळू लागलं आणि काही वर्षांतच जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी येण्याची वाट होती आणि निचऱ्याची वाट नव्हती, हे त्या दुखण्याचं मूळ. कुंडीत कालवाही आपणच आणि निचराही आपल्याच हातात. फरक एवढाच, की नीराकाठी जे व्हायला वर्षं लागली, ते दहा इंची कुंडीत एका उन्हाळ्यात होतं.

झाड हे कसं सांगतं ते ओळखायला शिका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, जणू पानावर हिरवी जाळी काढली आहे, असं दिसलं तर ती लोहाची उपासमार. मातीत लोह नसतं असं नाही. भरपूर असतं, पण चुनखडीच्या मातीत, सामू आठच्या आसपास गेला की ते अविद्राव्य होऊन बसतं आणि मुळाला मिळत नाही. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर नत्र कमी. पानांची टोकं आणि कडा करपून तपकिरी होत असतील तर क्षारांचा भार. ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत. तिन्हींवर ‘खत कमी पडलं’ म्हणून मूठभर रासायनिक खत टाकलं, तर तिसऱ्या दुखण्यात झाड जातंच, कारण खत हाही क्षारच.

मग करायचं काय? मी उपाय एकेक करून सांगतो.

पहिला उपाय फुकटचा आहे, निचरा. पाणी घालाल तेव्हा इतकं घाला, की साधारण पाचवा-सहावा भाग खालून बाहेर पडेल. थाळीत साचलेलं पाणी फेकून द्या, कुंडीला ते परत पिऊ देऊ नका. रोज अर्धा तांब्या शिंपडण्यापेक्षा दोन दिवसांनी पोटभर पाणी द्या. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून माती धुऊन काढा. टंचाईच्या गावात हे सांगताना जीभ अडखळते, मला ठाऊक आहे. म्हणूनच कुंड्या थोड्या ठेवा आणि त्या नीट जगवा.

दुसरा उपाय पावसाचं पाणी. त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा सामू साडेपाचच्या आसपास असतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. ५०० चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. २० मिलिमीटरची एक सर आली की ९०० लिटर, वाया जाणारं धरूनही ७०० लिटर हाती लागतं. पहिल्या सरीची धूळ वाहून जाऊ द्या, मग पाइप बॅरलकडे वळवा. हे पाणी मोगरा, अनंत, लिंबू, कढीपत्ता अशा नाजूक मंडळींसाठी राखून ठेवा, बाकीच्यांना नळाचं. बोअरचं आणि पावसाचं निम्मंनिम्मं केलं, तर अल्कलिनिटीही निम्म्यावर येते.

तिसरा उपाय मातीचा. शेतातली चुनखडीची काळी माती कुंडीत भरू नका. तांबडी माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत असं मिश्रण करा. गंधक घालून माती आम्ल करता येते असं पुस्तकात असतं आणि ते खरंही आहे. जिवाणू गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल करतात. पण मातीत मोकळा चुना असेल तर आधी तो संपायला हवा. १ किलो चुनखडी संपवायला सुमारे ३२० ग्रॅम गंधक लागतं. १०० ला १० भाग चुना असलेल्या २० किलो मातीचा हिशेब तुम्हीच करा, मग माती बदलणं स्वस्त वाटेल.

चौथा उपाय आम्लाचा, आणि इथे हात आखडता घ्या. अल्कलिनिटी ३०० असलेल्या १० लिटरच्या बादलीत ३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, घातलं तर बायकार्बोनेटचा बराचसा भाग निघून जातो. दोन रसरशीत लिंबांत साधारण तेवढंच आम्ल असतं. पण मातीतले जिवाणू सायट्रेट खातात आणि त्यातून बायकार्बोनेट परत तयार होतं. म्हणून हा कायमचा इलाज नाही, पंधरा दिवसांनी द्यायचा आधार आहे. संडास धुवायचं ॲसिड, बॅटरीचं ॲसिड घरच्या बागेत आणूच नका. ज्याला अल्कलिनिटीचा आकडा माहीत नाही, त्याने तर कुठलंच आम्ल अंदाजाने घालू नये.

पाचवं लोह. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चुनखडीच्या मातीत टाकली तर थोड्याच दिवसांत निकामी होते. तीच १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व १ ग्रॅम घालून संध्याकाळी पानांवर फवारली तर उपयोगी पडते. आधी एका फांदीवर फवारून बघा. मातीतून द्यायचं असेल तर कृषी सेवा केंद्रात ‘चिलेटेड फेरस’ मागताना डब्यावर ईडीडीएचए लिहिलं आहे का ते वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह साडेसहाच्या वरच्या सामूला टिकत नाही. ईडीडीएचए आपल्या मातीत टिकतं. महाग असतं, पण कुंडीला चिमूटभर पुरतं.

दोन सापळे सांगून ठेवतो. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी ‘वाया जाऊ नये’ म्हणून झाडांना घातलं जातं. हेतू उत्तम, पण मूळ पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला आणि गाडी धुवायला वापरा. दुसरा सापळा जास्त फसवा आहे. मोठ्या इमारतींत जड पाण्यावर सॉफ्टनर बसवतात. त्यात कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम येतं. साबणाला फेस येतो, केस मऊ राहतात, पण बायकार्बोनेट तसंच असतं, आणि सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होऊन माती चोपण बनते. कुंडीसाठी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. मऊ पाण्यापेक्षा इथे जड पाणी बरं.

सहावा आणि माझ्या मते सर्वांत शहाणा उपाय म्हणजे पाण्याला मानवेल ते झाड. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने हे केव्हाच केलं. हलक्या, चुनखडीच्या, कमी पाण्याच्या माळावर त्याने डाळिंब लावलं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली केगावला आलं आणि २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या जमिनीशी झालेला हा जुना समझोता आहे. द्राक्षबागायतदारांनी वेगळी युक्ती केली. खाऱ्या पाण्याने थॉमसन या द्राक्षजातीच्या वेली खचू लागल्या, तेव्हा त्यांनी डॉगरिज या काटक खुंटावर कलमं बांधली. वेल तीच ठेवली, मूळ बदललं. गच्चीवर आपणही डाळिंब, अंजीर, शेवगा, कोरफड, बोगनवेल, कण्हेर, सदाफुली लावू शकतो. बोअरचं पाणी ही मंडळी निमूटपणे पितात. पावसाचं पाणी साठवायला जागा असेल तरच अनंताच्या वाटेला जा.

शेवटी तपासणीबद्दल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अल्कलिनिटी २०० पर्यंत हवी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असं म्हटलं आहे. कुंडीतल्या झाडांना १०० च्या पुढे त्रास सुरू होतो. तेव्हा ‘पाणी पिण्यायोग्य आहे’ हा शेरा माणसासाठी असतो, मोगऱ्यासाठी नाही. मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केलीत तर सिंचनाच्या पाण्याची तपासणी माफक शुल्कात होते. अर्ज भरताना बायकार्बोनेट आणि सोडियम हे दोन घटक आवर्जून मागा. तेवढीही सवड नसेल तर मत्स्यालयाच्या दुकानात केएच नावाचं छोटं किट मिळतं. पाच मिलिलिटर पाण्यात रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे अल्कलिनिटी सुमारे १८. सतरा थेंब लागले तर तुमचं पाणी ३०० चं.

हे प्रत्येकाने एकट्याने करायचीही गरज नाही. एका सोसायटीचं बोअर एकच असतं. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा, वर्गणी काढून दोन तपासण्या करून घ्या. टाकीवर ‘पाणी जपून वापरा’ असं आपण रंगवतोच. त्याच्याखाली अल्कलिनिटीचा आकडा आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी कोणाचा कढीपत्ता पिवळा पडला तर त्याने आधी तो आकडा वाचावा आणि मग मला फोन करावा.